रस्ता चालू आहे का

लोकांना एवढंच विचारायचं असतं,
हिऊमा बेटावर जाणारा बर्फाचा रस्ता
आज चालू आहे का.
समुद्र नीट गोठला तर गाडीनं, नाही तर फेरीबोटीनं.
गेल्या हिवाळ्यापर्यंत रोहुक्युलाच्या ऑफिसात
त्यासाठी फोन वाजायचा, आणि मारेट
हातमोज्याचा टाका न सोडता म्हणायची, एइ.
म्हणजे नाही.

मारेट निवृत्त झाली.
मला म्हणाले, तू कॉम्प्युटरवाली, बघ काहीतरी.

रस्टमध्ये चाळीस ओळी लिहिल्या.
बावीस सेंटिमीटर किंवा जास्त: हो.
कमी: नाही.
आकडा कालचा असेल तर: माहीत नाही.
या तिसऱ्या उत्तरासाठी दोन बैठका झाल्या,
कारण मारेटनं ते कधीच दिलं नव्हतं.

कंपायलरनं तीनदा परत पाठवलं,
चौथ्यांदा फाइल हातात दिली,
हेल्डुरच्या कुत्र्याच्या फोटोपेक्षा लहान.
आत डोकावून पाहिलं: पहिलाच बाइट शून्य.

वेबअसेम्ब्लीच्या या जिवाला
द्याल तेवढंच जग.
घड्याळ दिलं, नाही तर 'काल' कुठून कळणार?
एक बारकी किल्ली दिली,
हेल्डुरचा आकडा ठेवलाय त्या खणाची.
बाकी सगळं भिंतीपलीकडे.
समुद्रसुद्धा.

संध्याकाळी एक कमांड टाइप केली
आणि कॉफी ओतेपर्यंत
ते फ्रँकफुर्टला पोचलंही होतं.
कोणी विचारलं की जन्मतं,
पापणी लवायच्या आत उत्तर देतं,
आणि संपतं. पुढच्या माणसासाठी
पुन्हा नवं, कोऱ्या पाटीचं.
मारेटला निदान खुर्ची लागायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे घोडं अडलं.
लॉगमध्ये एकच शब्द, अनरीचेबल.
जिथे कधीच पोचायचं नव्हतं
तिथे पोचलो होतो.
हेल्डुरनं आकड्याच्या जागी लिहिलं होतं
'अठरा, मऊ'.

फोन केला. म्हटलं, फक्त आकडा पाठव.
पलीकडे वारा, आणि गिरमिट बर्फावर ठेवल्याचा आवाज.
"अठरा मऊ आणि अठरा कडक
तुझ्या यंत्राला सारखंच का?
मला नाही. मी त्यावर उभा आहे."

चाळीसच्या बावन्न ओळी झाल्या.

जानेवारी गेला. एकोणीस.
फेब्रुवारीत एकदा एकवीस,
त्या रात्री आख्खं ऑफिस जागं होतं.
सूचनांचा फलक गोदामातून बाहेर काढून पुसला,
ताशी पंचवीसच्या आत चला, थांबू नका,
सीटबेल्ट सोडून ठेवा.
जमिनीवर बांधून घ्यायचं, बर्फावर सोडायचं,
शाळेत पोरांना हे आधी शिकवतात, मग पाढे.
सकाळी दक्षिणेचा वारा सुटला.
सतरा, मऊ.

फलक परत गोदामात.

मार्चअखेर मी हिशेब काढला:
सहा हजार चारशे वेळा नाही,
तेरा वेळा माहीत नाही,
हो, एकदाही नाही.
ती ओळ चाचणीत धावलीय फक्त,
खोट्या तीस सेंटिमीटरवर.

आणि एक विचारणारा रोजचा,
पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटांनी,
आकडा आल्यावर बरोबर एका मिनिटानं.
मी ओळखलं, पण बोलले नाही.
फेरीबोटीवर तोच म्हणाला,
"आकडा तर मीच मोजतो.
पण नाही म्हणायला दुसरं कोणी असलं
की घरी जाता येतं."

सेवा बंद केलेली नाही.
कोणी विचारत नाही तोवर ती नसतेच,
नसण्याचं बिलही येत नाही.

आज सतरा मे. बंदरात पोरं पाण्यात उड्या मारतायत.
पाच एक्कावन्नला आकडा आलाय:
शून्य.
आणि त्यापुढे, माझ्या नव्या रकान्यात,
मऊ.