मास्टर पिन

एप्रिलात पाने पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे लागतात.
नऊ वाजले की लोखंड चावतं,
म्हणून आम्ही पाचलाच येतो, अक्कलकोट रोडच्या शेडमागं,
मी, रेवणसिद्ध आणि चाँदसाब टर्नर.
तिघांचे मिळून गुडघे सहा, चालणारे चार.

मशीन चेनचं. चाकं नाहीत.
दोन्ही अंगांना पोलादी पट्टे,
आपला रस्ता आपणच पुढं अंथरायचा
आणि मागनं गुंडाळून घ्यायचा.
बहात्तरच्या दुष्काळात बांध घातले म्हणे यानं,
मग एकतीस वर्षं कुणाच्या तरी गोदामाआड
बाभळीला टेकून बसलं.
बाभूळ तोडावी लागली. ती पट्ट्याच्या आतनं वाढली होती.

बायको म्हणाली, काय नांगरणार यानं, गच्ची?
मी बोललो नाही.
मी मागावरचा जॉबर. आवाजावरनं सांगायचो
कुठला धोटा थकलाय, कुठली वादी सैल आहे.
गिरणी बंद झाली तेव्हापासून
कानांना काम नव्हतं.

रोलरच्या सांदीत माती, दगड झालेली.
छिन्नी लावली तसा रेवणसिद्ध म्हणाला, थांब.
चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकला.
"ही मंगळवेढ्याची. काळी, ज्वारीची.
ही तांबूस आपल्याकडली न्हवं, घाटावरनं आली असंल."
"आणि ही?"
"ते ग्रीस हाय," चाँदसाब म्हणाला, "चूळ भर."

साखळीत छत्तीस पिना.
पस्तीस कधी निघू नयेत म्हणून ठोकलेल्या,
एक निघावी म्हणून.
तिच्या टोकाला खळी असते, बोटाला कळेल एवढीच,
असं पुस्तकात लिहिलंय. पुस्तकाची पुढची पानं उंदरांनी खाल्लेली.
आम्ही रंग खरवडला: पिवळा, त्याखाली हिरवा,
त्याखाली पुन्हा पिवळा.
एकेका टोकावर अंगठा फिरवत बसलो,
आई उन्हात बसवून माझ्या डोक्यातल्या उवा शोधायची तसं.
तीन रविवार.
खळी नाही.

चौथ्या रविवारी उमगलं.
मास्टर पिन कुणीतरी कधीच काढली होती,
तिच्या जागी साधी ठोकून वरनं वेल्डिंग मारलेलं.
घाई असेल. मुकादम डोक्यावर उभा असेल.
वेल्ड शेणाच्या पोसारखा, फुगीर, एका बाजूला ओघळलेला.
चाँदसाब उकिडवा बसून बघत राहिला.
चहा गार झाला.
"डाव्या हाताचं काम आहे," एवढंच म्हणाला.

त्याचे अब्बा डावखुरे होते. बांधांच्या कामावर होते.
आम्ही विचारलं नाही.
सोलापुरात डावखुरे काय कमी होते?

ग्राइंडर त्यानं दुसऱ्याला धरू दिला नाही.
वेल्ड सगळा नाही काढला, करंगळीएवढा ठेवला कडेला,
कामाच्या आड येत नव्हता.
नवी पिन त्यानंच लेथवर काढली
आणि टोकाला खळी पाडली,
हवी त्यापेक्षा खोल.

मग एका पहाटे छोट्या इंजिनाला दोरी गुंडाळली,
सतराव्या झटक्याला मोठं इंजिन खोकलं.
शेजारच्या पॉवरलूमवाली माणसं बनियनवर बाहेर आली.
डांबर खरडू नये म्हणून जुने टायर अंथरले,
पोरं मागचा टायर उचलून पुढं पळायची.
अकरा फूट.
मग भिंत आली, कारण वळायचा क्लच अजून चिकटलेला,
आणि मागचा गिअर पडतच नाही.

बायको डबा घेऊन आली होती,
कडक भाकरी, शेंगाचटणी.
भिंत आणि पट्टा यांच्यात तिनं हात घालून बघितला. वीतभर.
"आता?"

श्शू, म्हणालो.
डोळे मिटले होते माझे.
डावीकडला तिसरा रोलर. आतनं कोरडा आहे.