भिंगरीची उतरण

सातपूरच्या वर्कशॉपात मी दोन शतांशाची चूक धरतो.
कॅलिपर लावतो, डोळा बारीक करतो, जॉब परत पाठवतो.
शनिवारी मात्र पहाटे सव्वापाचला
सायकल खांद्यावर घेऊन तीन जिने उतरतो,
चेन वाजू नये म्हणून तिला जुना पायमोजा गुंडाळलेला.
बायको कूस बदलून म्हणते, हेल्मेट.
एवढंच. बाकी सगळं त्यात आलं.

अंजनेरीच्या मागच्या अंगाला एक पाडा आहे.
तिथून वर जाणाऱ्या वाटेवर आपण सायकलवर चढत नाही,
सायकल आपल्यावर चढते.
कारवीच्या काटक्या हँडल धरून ठेवतात,
मुरूम पायाखालून निघून जातो,
कोंबडे आरवून आरवून कंटाळतात तरी आपण पहिल्याच टप्प्यावर.
दिवाळी झालेली. तेरडा वाळलाय, गवत पिवळं,
काळ्या कातळावर दव अजून निसरडं.
माथ्यावर टेकलो की लांब गंगापूरचं पाणी,
घासून पालथं घातलेल्या ताटासारखं.

उतरणीला आमच्या टोळीनं नाव ठेवलंय: रॉकेट.
आठशे मीटर, सात वळणं, तीन उड्या.
कोण किती वेळात उतरला, ते फोनमध्ये कायमचं.
पहिला प्रणित टिळे, दोन मिनिटं नऊ सेकंद.
अकरावा मी.
दहाव्यात आणि माझ्यात चार सेकंदं आहेत.
ती मी आठवडाभर मनातल्या मनात लेथवर घासतो.

त्या दिवशी पाचव्या वळणावर
वाट डावीकडे गेली,
मी सरळ गेलो.

करवंदीच्या जाळीत माणूस पडला की
आधी चष्मा शोधतो, मग सायकल, मग स्वतःला.
मागचं चाक वर, गरगर फिरतंय.
आणि दगडावर बसलेले एक बाबा
ते फिरणं थांबेपर्यंत बघत राहिले.
कचरू बेंडकोळी. हातात काठी, डोक्याला मफलर,
आजूबाजूला चार गाई, एक वासरू.

“वर कहाला जातस?”
खाली यायला, मी म्हणालो.
बाबा इतके हसले
की गाईंनी चरायचं थांबवून माना वर केल्या.

मग काठीनं वळण दाखवलं.
“ही वाट माणसानं नाय पाडली.
आमची भिंगरी व्हती. पांढरी, कपाळाला तपकिरी ठिपका.
बाकीची ढोरं तिकडून घसरायची, ही धोंड्याला कूस लावून,
जरा थांबून, मग वळायची.
तिच्यामागं सगळी लागली. मग आम्ही. मग लाकडाच्या मोळ्या.
आता तुमी.”

भिंगरी कधी गेली, मी विचारलं नाही.
पाठीवरच्या पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला,
त्यांनी अर्धा वासराला दिला.
गुडघ्यावर चुरगाळलेला दगडीपाला,
गिअरचा हँगर वाकलेला,
मी सायकल हातात धरून उरलेली दोन वळणं चाललो.
चालताना पहिल्यांदा दिसलं
की ज्याला आम्ही उडी म्हणतो
ती एक पायरी आहे, खुरांनी झिजलेली,
मधोमध पावसाचं पाणी धरून बसणारी.

रात्री फोनमध्ये नाव बदललं.
प्रणितचा लगेच निरोप: कोण भिंगरी? वहिनींना माहितेय?
खाली सात जणांचे हसरे चेहरे.
मी लिहिलं, गाय. मग खोडलं. मग परत लिहिलं.

आता पाचव्या वळणाआधी मी ब्रेक दाबतो,
धोंड्याच्या अंगाला जातो, एक श्वास थांबतो, वळतो.
अकरावा होतो, एकोणिसावा झालो.
बाबा परत भेटले नाहीत. गाई दिसतात, लांबून.

धोंड्यावर कुशीच्या उंचीला
एक जागा गुळगुळीत आहे, हात फिरवला तर
आमच्या पॉलिशिंगच्या पोरालाही जमणार नाही अशी.
माझं हँडल तिथं थोडं टेकतं.
रबराची काळी रेघ उठते, पावसात जाईल.
दगडाचंही काही जात असेल,
दर शनिवारी,
माझ्या कॅलिपरला कळणार नाही इतकं.