सहावी गोळी

मारिहाळांनी काचेवर तीन खोकी मांडली,
सराफानं मंगळसूत्रं मांडावीत तशी.
एक आपल्या सरकारी कारखान्याचं, शिशाच्या नाकाचं.
एक तांब्यानं मढवलेलं.
तिसरं परदेशी. त्याची किंमत ते कन्नडमध्ये पुटपुटले,
जणू त्यानं ती कमी लागेल.

रिव्हॉल्व्हर हलकं.
पर्समध्ये जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलं
तर डबाच जड.
भाऊ गेल्यापासून निपाणीच्या पंपावरचा गल्ला
रात्री मीच पोचवते.
परवान्यावर 'मुतगेकर'चं भलतंच काही झालंय,
आणि तो चालतो दूधगंगेच्या पुलापर्यंत.
पलीकडे कागलला मावशीकडे जायचं
तर हे घरी ठेवून, नुसतीच मी.

रेंजवर लाल जांभ्याचा बांध.
गवळूमामा, पलटणीतनं निवृत्त,
कानांत कापूस, खिशात कॅलिपर.
"पाचच मार. सहावी तशीच ठेव."
मला वाटलं, महाग म्हणून.

परदेशीनं मनगट उपटलं.
हलक्या वस्तूला सगळंच जोरात लागतं.
बांधावरचे सातभाई कलकलत उडाले.
मामांनी चक्र उघडलं,
न उडालेली सहावी काढून मापली.
"बघ गे. हिला कुणी हात लावला नाही,
तरी नाक बाहेर आलंय.
शेजारच्या पाचांचे हिसके बसत गेले.
अजून थोडी सरकली असती
तर चक्रच अडवलं असतं हिनं."

दरोड्याच्या रात्री आई पंपावर नव्हती.
तिला कुणी हात लावला नाही.

मग भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा,
मराठी, कन्नड, मिळेल ते.
तांब्याची आरपार गेली, मागे बांधात रुतली.
शिशाची मधेच थांबली.
मामा पानं उलगडत बसले, बोटं शाईनं काळी,
मधे एका स्थळांच्या जाहिरातीवर रेंगाळले.

शिशाच्या दुसऱ्या फेरीत नुसतंच टक.
"हलू नको. तोंड बांधाकडंच. तीस मोज."
मी शाळेतल्यासारखं मोजलं, ओंदु, एरडु, मूरु,
मूवत्तुपर्यंत.
काहीच नाही.
"जुना माल. खोक्यावरचं साल बघून घे."

तरी तीच घेतली. नव्या सालातली, पंचवीस.
सहावी मापली तेव्हा केसभरही हलली नव्हती.
मारिहाळांनी वहीत आकडा लिहिला,
परवान्यावर शिक्का मारला, थोडा तिरका,
आणि कोकम सरबत मागवलं.

सरकलेली ती एक मामांनी परत दिली,
हिशोबाला लागते म्हणून.
कुलपाच्या कपाटात ठेवलीय, वेगळ्या डबीत.

रात्री पुढच्या दाराची कडी वाजली.
आई.
एकदा.
दुसऱ्यांदा.
मी दिवा न लावता
तिसऱ्याची वाट बघत राहिले.