न वाचता आलेली चित्रं

मुठीत मावणाऱ्या यंत्राला आम्ही दोन डोळे दिले.
एक जवळचा, हातातल्या खोक्यापुरता.
एक लांबचा, दहाव्या फळीवरच्या लेबलासाठी,
अरुंद आणि जरा हट्टी.
ट्रिगर दाबला की दोघं एकदमच बघतात
आणि मी लिहिलेल्या चारशे ओळी ठरवतात
कोणाचं खरं धरायचं.
ज्याच्या चित्रात काळ्याची कड पांढऱ्याला
सुरीसारखी कापते, तो जिंकला.
हरलेल्याचं चित्र जागीच पुसतात.
जिंकलेल्याचंही पुसतात,
आकडा तेवढा पुढे निसटतो.
पापणी लवायच्या आत एवढं सगळं.

दोघंही हरले, तरच
आम्ही ती जोडी जपून ठेवतो, चुका शोधायला.
म्हणजे यंत्राला आठवत राहतं
ते न वाचता आलेलं, तेवढंच.

फेब्रुवारीत कुह्मोच्या शीतगृहातून जोड्या आल्या.
उणे चोवीस अंश, गोठलेल्या बेरींच्या रांगा.
चित्रांत वाफ होती,
काचेवर उगवलेलं बर्फाचं शेवाळ होतं,
हातमोज्याचा अंगठा होता, चंद्राएवढा.
आणि एक लेबल होतं. रोज रात्री सव्वादहाला,
पाळी सुरू होताना, तेच ते:
विरलेलं, एका कडेला निळ्या पेनाची रेघ.
एकोणीस रात्री, एकोणीस वेळा नापास.

ओउलूहून गाडी काढली. चार तास
रस्ता पांढरा, बाजूची झाडं काळी,
बारकोडातून चाललोय असं वाटलं,
मग वाटायचं थांबलं, झोप येऊ लागली.

तुओवी ह्युट्टिनेन यंत्र काखेत धरून ऊब देत होती,
तापातलं पोर धरावं तसं.
म्हणाली, "बाहेर आणलं की आधी लांबचा डोळा धुकटतो,
मग जवळचा. तुमच्या ऑफिसात कळणार नाही हे."
मी लिहून घेतलं. खरंच कळलं नव्हतं.

लेबल दाराच्या आतल्या बाजूला होतं.
एन्सिओनं लावलेलं. कुठल्याशा खोक्यावरून सुटलं,
खोक्याला नवं मिळालं,
जुनं त्यानं इथे चिकटवलं,
पाळीआधी स्कॅनर जागा आहे का बघायला.
"सप्टेंबरपासून येत नाही तो."
"आजारी आहेत?"
ती हातमोज्याचं एकेक बोट ओढून नीट करत राहिली.
"नाही," म्हणाली.

कॉफीच्या खोलीत लॅपटॉप उघडला.
तोवर मी त्या दोन डोळ्यांना फक्त भांडायला शिकवलं होतं.
जवळच्याच्या डाव्या अंगाला दिव्याची चकाकी,
लांबच्याला सगळंच पुसट, पण डावी बाजू शाबूत.
एकाला किंचित सरकवून दुसऱ्यावर ठेवलं,
दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्या हिशेबानं.
मग सोळा जोड्या, एकीवर एक.
थरथर एकमेकींत जिरत गेली,
आणि रेघा वर आल्या,
तळ्यातलं पाणी ओसरताना खुंट दिसावेत तशा.
मधे कॉफी गार झाली. कोणीतरी नवी ओतली, कोणी ते पाहिलं नाही.

सव्वादहाला तिनं यंत्र दारावर रोखलं.
टीं.
पडद्यावर लाल अक्षरं: हा माल नोंदीत नाही.

मी घाईनं म्हणालो, नोंद जुनी आहे,
त्यांनी काढून टाकली असणार,
सांगून बघतो, परत घालता येईल कदाचित.
"वाजलं ना," तुओवी म्हणाली,
आणि लिंगनबेरींचा ठोकळा ढकलत आत गेली.
दार मागोमाग मिटलं, रबरी, जड.

वसंतात ते सगळ्या यंत्रांत घातलं.
कुह्मोहून अजून जोड्या येतात:
अंगठा, वाफ, कधी नुसतीच जमीन.
ते लेबल येत नाही.
आता वाचता येतं ना,
त्यामुळे कोणी जपून ठेवत नाही.
रात्री सव्वादहाला, घरी असलो तर,
मी घड्याळाकडे बघतो.