जास्तीत जास्त पाच

मगदूमच्या कॅफेत तीन नंबरचा पीसी.
स्पेसबार दोनदा दाबायला लागतो.
स्क्रीनवर विषयांची लांबच लांब उतरंड
आणि वर एकच ओळ : जास्तीत जास्त पाच.
"तीनपर्यंत एक फी," जिनपाल मगदूम म्हणतो,
"पुढं प्रत्येकाचे वेगळे. आणि सबमिट केलंस की
माझ्या हातात काय न्हाई, आधीच सांगतो."
माझ्याकडं चारचे आहेत.

मराठी घेतली.
तिला परीक्षेला बसवायचं म्हणजे
मावशीला ओळखपत्र विचारल्यासारखं वाटलं.
पेपरात मी 'जाते', 'येते' असंच लिहायचं.
इथं मी जातो. येतो. जेवलो.
आईसुद्धा जेवलो.
पहिल्या पानावर 'मुलगी'चा गोल मी भरलाय,
माझ्या क्रियापदांनी अजून फॉर्म भरलेला नाही.

इतिहास. मार्क पडतात म्हणून.

गणित घे, पप्पा म्हणाले होते,
गणितवाल्याला कुणी कामावरून काढत नाही.
व्हर्निअर फडक्यानं पुसत म्हणाले.
उद्यमनगरात त्यांना दोनदा काढलंय,
आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग
त्यांना बोटाच्या पेरानं कळतो.

तहसीननं अर्थशास्त्र घेतलं.
पुण्यात एक खोली, दोन कॉट, एक इस्त्री,
असं आमचं सातवीपासून ठरलंय.
तिला पाहिजे त्या कॉलेजला
अर्थशास्त्राशिवाय दारातच उभं करत नाहीत.

आणि भूगोल.
"नकाशे विकणार काय?" काका म्हणाला,
सगळे हसले, मीपण हसलो.

आम्ही सुतारवाड्यातले.
श्रावणात आमच्यात कुणी वेळ विचारत नाही,
फूट विचारतात.
किती झालं?
एकोणचाळीस : सिलिंडर माळ्यावर.
एक्केचाळीस : तहसीनच्या आजीला रिक्षात घाला.
त्रेचाळीस : आपण शाळेच्या वर्गात,
बाकं भिंतीला लावून, चटईवर अकरा घरं.

सहावीत होतो मी.
त्या वर्गाचा फळा कुणी पुसला नव्हता.
नदीचे कार्य : खनन, वहन, संचयन.
दिवा रात्रभर चालू, झोप येत नव्हती,
मी ते तीन शब्द वाचत पडलो,
आणि आमचं कपाट दुसऱ्या शब्दात होतं.

घर उघडलं तेव्हा तिसरा शब्द आत बसलेला.
सगळे खोरं मागत होते.
मी पप्पांची स्टीलची फूटपट्टी घेऊन
दाराशी मोजलं : सतरा सेंटिमीटर.
देवघराखाली : अकरा.
सतरा का? अकरा का?
आई ओरडली, पोरी, बादली धर आधी.
धरली.
पण आकडे वहीत लिहून ठेवले,
ती वही अजून आहे,
तिच्या कडा अजून मातकट आहेत.

"लवकर बोल, मागं लाईन हाय."
पप्पांना फोन लावला.
पलीकडं लेथ चालू.
"किती झालं?" एवढंच ऐकू आलं.
फी विचारत होते की पाणी,
भर मार्चात?
"तीन," मी ओरडलो. "अजून एक घेता येतो."
"मग घे की," आणि लेथनं त्यांना गिळलं.

तीन कुठले, मी मोजून बघितले.
मराठी, इतिहास,
भूगोलापुढची खूण आधीच होती.
मी कधी केली, आठवत नाही.

चौथं गणित.
कुणीतरी एकानं तरी त्यांचं ऐकायला पाहिजे.
तहसीनचं अर्थशास्त्र राहिलं.
तिला उद्या सांगीन.
किंवा परवा, तिचा वाढदिवस झाला की.

प्रिंटची शाई संपत आलेली,
खालचे दोन विषय फिक्कट उमटले.
"वाचता येतंय न्हवं?" मगदूमनं विचारलं.
मी कागद उजेडाकडं धरला.
येतंय.
सुट्टे पैसे घेतले, चप्पल शोधली.
"येतो," मी म्हणालो.