अधिवास

एर्मेलिंडाबाईंच्या बलकांवावर, चिंचिणीला,
कुंडीत एक झाड, मातीबाहेर पोट काढून
बसल्यासारखं उभं.
शेजारी त्याला चाफा म्हणतात,
पोदेर म्हणतो कण्हेर,
पाद्री एकदा गुलाब म्हणाले आणि पुढे गेले.
"हें कसलें झाड, मास्तर?"

मी मास्तर नव्हे. मडगावच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं
झाडं दाबून वाळवली, चिठ्ठ्या चिकटवल्या, एवढंच.
तरी चष्मा पुसला.

चाफ्याच्या पानाला काठाशी शीर धावते; इथे नाही.
कण्हेरीची पानं एका पेरावर तीन-तीन, अरुंद; तीही नाहीत.
ही टोकाशीच दाटलेली, गोल फिरत चढलेली.
फूल कर्ण्याचं, काठ गुलाबी, घशाकडे फिकट.
वाळलेल्या शेंगांची शिंगं, आणि आतल्या बीला
दोन्ही टोकांना केस.
अडेनियम, मी म्हणालो. त्या दोनदा पुटपुटल्या,
नव्या सुनेचं नाव जिभेवर बसवावं तसं.

मग त्यांनी विचारलं, जे सहसा कुणी विचारत नाही:
हे मुळात राहतं कुठे?

बी आन्सेल्मनं आणलं होतं, सिगारेटच्या पाकिटातून,
सालालाहला एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून.
परतला, पण फारसा बोललाच नाही.
तिसऱ्या वर्षी गेला.

मी सांगत गेलो.
खडकाळ उतार. फटीत असेल तेवढीच माती.
आठ-नऊ महिने नुसतं ऊन; पानं टाकून द्यायची,
पाणी पोटात धरून गप्प राहायचं.
आणि जूनमध्ये समुद्रावरून वारा,
हाच, आपली कौलं उचकटणारा;
तिथे मात्र त्याचं धुकं होतं.
डोंगर दिसेनासे होतात. उंट उभ्या उभ्या ओले होतात.

त्या थांबल्या.
फोनवर म्हणायचा, इथेही ढग आलेत, लिंडा.
मला वाटायचं, माझ्या समाधानासाठी खोटं बोलतोय.
वाळवंटात कसले ढग.

मी चिठ्ठीवर नाव लिहिलं, कुळ लिहिलं,
अधिवासाची ओळ मात्र तशीच राहिली.
त्यांनी कुंडी वळचणीखालून आत ओढली,
फुलांना नाही, त्या सुजल्या बुंध्याला हात लावला,
ताप पाहावा तसा.
ओढताना एक पान तुटलं होतं. बोटांवर पांढरा चीक.

हात धुऊन घ्या, मी म्हणालो, विष असतं त्यात.
हो म्हणाल्या.
उठल्या नाहीत.