कालची हवा

सेगेदला, विद्यापीठाच्या गच्चीवर
एक डबी फिरते, तासाला दोन मिलिमीटर.
आतल्या चिकट पट्टीवर
शहराची हवा येऊन बसते
आणि सोमवारी मी ती उतरवून आणते.

गुलाबी रंगाचा थेंब, वर काच, मग मोजणी.
अल्टर्नेरिया ओळखू येते लगेच :
बत्त्यासारखी, एका टोकाला निमुळती,
पोटात आडव्याउभ्या भिंती.
क्लॅडोस्पोरियमचा मात्र नुसता चुरा,
मोजता मोजता आकडा हरवतो.

बुधवार, दुपारी तीन : एका तासात चारशे बारा.
तिसा नदीपलीकडे गव्हाची कापणी चालली होती.
त्या वेळी मी ट्रामच्या थांब्यावर होते,
डोळे चोळत, सगळ्यांसारखीच.

जिन्यात वरच्या मजल्यावरची पिरोश्का अडवते,
"उद्या झोंबोरला मैदानावर पाठवू का?"
तो मागे उभा, बगलेत चेंडू,
नाकाचा शेंडा पुसून पुसून सोलवटलेला.

काय सांगू?
माझ्याकडे असतो तो काल,
तोही आठ दिवसांचा शिळा.
"वादळ आलं तर बरं वाटेल ना?"
आधी वाढतं, मग कमी होतं, मी पुटपुटते,
खिडक्या लावून घ्या.

रात्री छतातून शिंका ऐकू येतात.
सवयीने मोजते. सातव्यानंतर थांबतात.
आणि मग
वरची खिडकी उघडल्याचा आवाज.

उकाडाच इतका आहे.
मीही उठते, माझी उघडते.